दुसऱ्याच्या टोपीतला आपला पोरगा

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
26 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी पोचला. चकल्या थोड्या मोडल्या होत्या, पण आईच्या हातची चव जशीच्या तशी. भडंग मुलांनी एका बैठकीत संपवलं.

दादाचा फोन आला होता. छोटूचं सगळं कळलं. क्रिकेटच्या सोळा वर्षांखालच्या निवडीत त्याचं नाव आलं नाही, अंगानं किरकोळ आहे म्हणाले. पुण्याच्या एका क्लबनं बोलावलं, तर तुम्ही नको म्हणालात. ‘आपल्या मैदानावर वाढलेला पोरगा दुसऱ्याची टोपी घालून आपल्याच पोरांना बोलिंग टाकणार, हे मला बघवायचं नाही,’ असं म्हणून तुम्ही उठून गेलात आणि तेव्हापासून घरात तो विषयच बंद आहे, असं दादा सांगत होता. फोनवर मला हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते. इथली एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. थोडी लांबेल, पण पुरती वाचा.

यंदा लक्ष्मीपूजन इथं सोमवारी, 20 तारखेला झालं. त्याच संध्याकाळी आमच्या सिअ‍ॅटलच्या बेसबॉल संघाची, मरिनर्सची, टोरांटोत सातवी मॅच होती. मालिका 3-3 अशी बरोबरीत. जिंकले असते तर वर्ल्ड सिरीज, म्हणजे इथली अंतिम फेरी. अण्णा, हा संघ 1977 पासून खेळतोय आणि आजपर्यंत एकदाही तिथं पोचलेला नाही. 2001 साली त्यांनी एका मोसमात 116 मॅचेस जिंकल्या होत्या, तरीही नाही. सगळ्या संघांत असा हा एकच. त्यामुळे या आठवड्यात दुकानात, बसमध्ये, शाळेच्या फाटकावर, सगळीकडे एकच बोलणं.

शेजारचे आजोबा तुम्हाला ठाऊक आहेत, व्हिडिओ कॉलवर तुम्हाला हात जोडून नमस्कार करतात ते. रेंटनला बोईंगच्या कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झाले. ते एकटेच असतात म्हणून आम्ही त्यांना बोलावलं होतं. पूजा उरकून टीव्हीपुढं बसलो तेव्हा मरिनर्स 3-1 असे पुढे होते. त्यांच्या एका हातात करंजी, दुसऱ्या हातात पेन्सिल. ते अजून प्रत्येक मॅचचं स्कोअरकार्ड स्वतः लिहितात, त्यामुळे माझं आणि त्यांचं जुळलं. सातव्या इनिंगमध्ये टोरांटोच्या स्प्रिंगरनं चेंडू प्रेक्षकांत मारला, तीन रन्स एकदम, 4-3. पुढं काही झालं नाही. मॅच संपली. आजोबांनी पेन्सिल ठेवली. करंजी तशीच अर्धी हातात.

मग बऱ्याच वेळानं ते बोलले, पण या मॅचबद्दल नाही. म्हणाले, “आमच्याकडे लिन्सकम असायला हवा होता.”

टिम लिन्सकम हा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बोलर. मोठ्या लीगमध्ये खेळायचा थांबून त्याला नऊ वर्षं झालीत. तरी मी इथं आल्यापासून हे वाक्य कितीजणांच्या तोंडून ऐकलं असेल! आमच्या ऑफिसातले, मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील, आणि हे आजोबा तर दर मोसमात एकदा तरी. मरिनर्स हरले की तो आठवतो, जिंकले तरी आठवतो.

हा पोरगा इथला, बेलव्ह्यूत जन्मलेला. शाळा रेंटनजवळ, लिबर्टी हायस्कूल. वडील बोईंगमध्ये कामाला. पिचिंग वडिलांनीच शिकवलं, त्याचं व्हिडिओ चित्रण करून पुन्हा पुन्हा बघून. कॉलेजही गावातलंच, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन. तिथं त्यानं 491 फलंदाज स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू नीट मारूच न देता बाद केले. 2006 मध्ये देशातला सर्वोत्तम हौशी बेसबॉलपटू म्हणून त्याला गोल्डन स्पाइक्स पुरस्कार मिळाला. हे सगळं मरिनर्सच्या मैदानापासून गाडीनं पंधरा मिनिटांवर चाललेलं.

आता निवडीची इथली रीत सांगते, कारण ती आपल्या आयपीएलच्या लिलावासारखी नाही. 1965 पासून इथं ड्राफ्ट आहे. आधी पैसेवाले संघ चांगली पोरं उचलायचे, म्हणून हा नियम आला. लिन्सकमच्या वेळी रीत अशी होती, की आधीच्या मोसमात जो संघ मागं राहिला त्यानं आधी निवडायचं, जो पुढं होता त्यानं शेवटी. एकदा संघानं नाव घेतलं की मुलाला दुसऱ्या संघाकडे जाता येत नाही. फार तर नाही म्हणून कॉलेजात राहायचं आणि पुन्हा नाव येईल त्या वर्षाची वाट बघायची. लिन्सकमनं ते दोनदा केलं. 2003 मध्ये शिकागो कब्जनी त्याला निवडला तो अठ्ठेचाळिसाव्या फेरीत, 2005 मध्ये क्लीव्हलंडनं बेचाळिसाव्या. अण्णा, अठ्ठेचाळिसाव्या फेरीत नाव येणं म्हणजे पंगत उठल्यावर वाढल्यासारखं. तो परत कॉलेजात गेला आणि टाकत राहिला.

6 जून 2006 ला मरिनर्सचा नंबर पाचवा होता. अख्ख्या गावाला वाटत होतं, आता आपला पोरगा घेतील. त्यांनी घेतला कॅलिफोर्नियातल्या कॉलेजचा ब्रँडन मॉरो. लिन्सकम गेला दहाव्या नंबरवर, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे.

का नाही घेतला, तर अंगानं किरकोळ. उंची पाच फूट अकरा इंच, वजन 77 किलो. आपल्याकडे ही उंची चांगलीच म्हणतील, पण इथल्या पिचरमध्ये सव्वासहा फुटांचे पैलवान असतात. दुसरं कारण त्याची अ‍ॅक्शन. पिचरला रनअप नसतो. मातीच्या दहा इंची उंचवट्यावर उभं राहून, एक पाय रबराच्या पट्टीला टेकवून, साडेसाठ फुटांवर चेंडू फेकायचा. लिन्सकम आधी अंग इतकं वळवायचा की फलंदाजाला त्याची पाठ दिसायची, आणि मग पाय असा लांब टाकायचा की ते पाऊल त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा मोठं पडायचं. मी त्याचे जुने व्हिडिओ हळू करून बघितलेत. पुढचा पाय जमिनीला लागतो तेव्हा त्याचा चेंडूचा हात अजून मागंच असतो. गोफण सुटावी तसा तो मग फिरतो. त्या 77 किलोतून ताशी दीडशे किलोमीटरच्या वरचा चेंडू निघायचा तो असा. लोक त्याला ‘फ्रीक’ म्हणायचे, म्हणजे जगावेगळा. जाणकार म्हणायचे, हे शरीर टिकायचं नाही, खांदा निखळेल.

हे वाचताना तुम्हाला छोटूच आठवला असेल. मला पहिल्या दिवसापासून आठवतोय. त्याचा तो डावा हात आणि उडी मारताना मान वाकडी होते ते.

पुढं काय झालं तेही सांगते. 2008 आणि 2009, लागोपाठ दोन वर्षं त्याला साय यंग पुरस्कार मिळाला, लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा. 2010 च्या वर्ल्ड सिरीजमधली शेवटची मॅच त्यानंच टाकली: आठ इनिंग्ज, दहा स्ट्राइकआउट, एकच रन. जायंट्स 1958 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले, त्यानंतरचं ते त्यांचं पहिलं विजेतेपद. इथले लोक घरी टीव्हीवर बघत होते. आजोबा म्हणतात, “मी टाळ्या वाजवत होतो आणि माझ्या पोटात तुटत होतं.”

मॉरोबद्दल मात्र मला वाईट वाटतं. तो काही टाकाऊ खेळाडू नव्हता. टाइप 1 मधुमेह सांभाळून खेळायचा. मरिनर्सनी त्याला कधी सुरुवातीला टाकायला लावलं, कधी शेवटी, एका जागी बसूच दिलं नाही. 2009 च्या शेवटी टोरांटोला देऊन टाकला, आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये त्यानं तिथं एका मॅचमध्ये 17 स्ट्राइकआउट घेतले. त्याचा गुन्हा एवढाच, की तो लिन्सकम नव्हता. गावानं त्याला ते कधी विसरू दिलं नाही. हे मला पटत नाही, आणि मी आजोबांना तसं म्हणालेही.

आणखी एक गोष्ट माझ्या फार दिवस डोक्यात होती. त्या पाचव्या नंबरला आणखी दोघं शिल्लक होते. क्लेटन कर्शॉ सातव्या नंबरवर लॉस एंजेलिसला गेला, मॅक्स शर्झर अकराव्यावर अ‍ॅरिझोनाला. दोघांना तीन तीन साय यंग मिळाले. कर्शॉ तर या मोसमानंतर निवृत्त होतोय, रोज टीव्हीवर त्याचं कौतुक चाललंय. म्हणजे सिअ‍ॅटलनं त्या एका दिवसात फक्त लिन्सकम सोडला असं नाही, कर्शॉही सोडला. मी आजोबांना विचारलं, कर्शॉबद्दल कधी कुणी हळहळत नाही? ते म्हणाले, “तो टेक्ससचा पोरगा. त्याच्यासाठी टेक्ससवाले रडतील.”

बघा अण्णा. लोकांचं नुकसान मोजायचं माप वेगळंच असतं.

त्या रात्री आजोबा घरी गेले आणि पाच मिनिटांत परत आले, हातात एक पिवळं पडत चाललेलं स्कोअरकार्ड घेऊन. तारीख 5 ऑगस्ट 2016. लिन्सकमच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, चेंडूचा वेग गेला होता, आणि तो एंजल्स नावाच्या संघाकडून इथं सिअ‍ॅटलमध्ये टाकायला आला होता. दुसऱ्या दिवशी मरिनर्सचा जुना लाडका खेळाडू केन ग्रिफी ज्युनिअर याचा 24 नंबर कायमचा राखून ठेवण्याचा मोठा समारंभ होता, त्यामुळे सगळं गाव त्यातच गुंतलेलं. आजोबा लिन्सकमसाठी गेले होते. तुम्हाला त्या कार्डाचं सांगायला हवं. इथं स्ट्राइकआउट झाला की चौकोनात इंग्रजी ‘के’ अक्षर लिहितात, आणि फलंदाज बॅट न हलवता नुसता उभा राहिला तर तेच अक्षर उलटं. आजोबांचा हात तुमच्यासारखाच, बारीक आणि सरळ. पण त्या कार्डावर पिचरच्या नावाखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत, आणि त्या इतक्या दाबून, की मागच्या बाजूनं बोटाला लागतात. त्या दिवशी त्याला मार पडला. पुन्हा तो मोठ्या लीगमध्ये खेळला नाही. सगळी कारकीर्द परगावी झाली आणि मोठ्या लीगमधला शेवटचा चेंडू आपल्या गावात पडला, तोही दुसऱ्याच्या टोपीत.

“तुम्ही कुणाच्या बाजूनं ओरडत होता?” मी विचारलं.

“दोघांच्या,” म्हणाले. “तो बाहेर जाताना मी उभा राहिलो. तो आमचा पोरगा आहे.”

अण्णा, मी हे ऐकलं आणि मला तुमची आठवण आली. विजय हजारे सांगलीचे, हे मी तुमच्याकडून पहिलीत असल्यापासून ऐकलंय. ते बडोद्याकडून रणजी खेळले, गुल महंमदबरोबर 577 ची भागीदारी केली ती बडोद्यासाठीच. तुम्ही एकदा तरी म्हणालात का, की ते आता बडोद्याचे झाले? 1952 मध्ये मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार सांगलीचा होता, हेच तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगता. आणि अजित आगरकरला टीव्हीवर पहिल्यांदा बघून ‘हा पोरगा वाऱ्यानं उडेल’ म्हणालात, तेव्हा मी शेजारी बसले होते. त्यानं 23 वनडेंमध्ये 50 विकेट घेतल्या, त्या दिवशी पेढे तुम्हीच आणलेत.

मलाही तुम्ही सांगलीच्या स्टँडवर सोडायला आलात तेव्हा रडला होतात, पण थांबवलं नाहीत. मी सासरचं नाव लावते, दुसऱ्या देशात राहते, आणि तरी कुणी विचारलं तर सांगलीची म्हणते. मग छोटूला तुम्ही काय म्हणून अडवता? त्याला न घेण्याची चूक ज्यांनी केली ती त्यांच्यापाशी राहील. त्याच्या वाट्याला ती का यावी?

त्याला जाऊ द्या. मी दादाशी बोलले आहे. खोलीच्या भाड्याचं आम्ही दोघं बघू, तुम्ही काळजी करू नका. एक मात्र मागते. तिथं कुणी त्याची अ‍ॅक्शन बदलायला लागलं तर तुम्ही मध्ये पडा. लिन्सकमच्या वडिलांनी तेच केलं, कॉलेजच्या कोचलाही पोराच्या अ‍ॅक्शनला हात लावू दिला नाही. छोटूचा व्हिडिओ दादाला बाजूनं काढायला सांगा, समोरून नको, म्हणजे पाय कुठं पडतो ते दिसेल. मला पाठवा. आजोबांनाही दाखवायचा आहे, ते मागे लागलेत.

आणि त्याची पुण्यातली पहिली मॅच असेल तेव्हा तुम्ही जा. सकाळच्या गाडीनं निघालात तर पोचाल. जाताना आपली ती लाल पुठ्ठ्याची स्कोअरची वही न्या, जिच्यात मी सहावीत असताना पहिल्यांदा मेडन ओव्हरचं ‘एम’ काढलं होतं. मागची पानं कोरी आहेत, मला आठवतंय. पेन नको, पेन्सिल घ्या. त्याची ओव्हर तुमच्या हातानं लिहा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा.

आईला सांगा, मेतकूट संपत आलंय. गुडघ्याचं तेल तिनं लावलं की नाही ते कळवा. दादा-वहिनींना नमस्कार, छोटूला गोड पापा.

तुमची लेक