काजळीचा हिशेब

प्रिय मित्रा,

तुझे दोन फोन येऊन गेले आणि दोन्ही वेळा मी ‘नंतर करतो’ म्हणून ठेवून दिले. राग धरू नकोस. हे आगीनंतरच्या विम्याचं प्रकरण तोंडी सांगायला बसलो की पाचव्या मिनिटाला माझा आवाज चढतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा आपल्यावरच डाफरतोय. म्हणून पत्र. शिवाय तुझ्याकडे एक कामही आहे, ते शेवटी सांगतो.

आग कशी लागली ते तुला ठाऊक आहेच. फ्रिजमागच्या प्लगमध्ये वायर सैल झाली होती. सैल जोडापाशी विजेला अडथळा होतो, तिथे उष्णता साठत जाते, पण प्रवाह काही वाढत नाही, त्यामुळे एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप बंद होणारं बटण, पडत नाही. (हे ज्ञान घर जळाल्यावर झालं. त्याआधी मी एमसीबीच्या भरवशावर निवांत झोपत होतो.) अग्निशमन दलाने पाऊण तासात विझवली. स्वयंपाकघर गेलं, वरचं छत गेलं, बैठकीचा एक कोपरा गेला. आम्ही सगळे वेळेवर बाहेर पडलो, त्यामुळे त्या रात्री मी स्वतःला नशीबवान समजत होतो. विमाही होता ना!

आता कळतंय, जळलेल्या वस्तूवरून कुणी भांडत नाही. ती कोळसा होऊन समोर पडलेली असते. भांडण होतं ते न जळलेल्या वस्तूंवरून. झोपायच्या खोलीपर्यंत ज्वाळा पोचल्याच नाहीत. पण हिने भिंतीवरची तसबीर उतरवली तेव्हा काळ्या भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन निघाला, जणू कालच रंगवलाय. बंद कपाट उघडलं तर घडी घातलेल्या कपड्यांच्या कडेला काळी पट्टी, बरोबर दाराच्या फटीच्या उंचीवर. आगीत तापलेली हवा फुगते, मिळेल त्या फटीतून आत घुसते आणि गार जागा सापडली की काजळी तिथे बसते. नुकसान मोजायला विमा कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेअरने मात्र लिहिलं, ‘कपाट बंद असल्याने आतील वस्तू सुरक्षित.’ कपाट उघडून बघायला त्याला वेळ नव्हता. मी उघडून दाखवतो म्हटलं तर म्हणाला, फोटो मेल करा.

हा माणूस आला नवव्या दिवशी. तोवर कशालाही हात लावू नका, असं कंपनीच्या हेल्पलाइनवरून सांगितलं होतं, आणि आम्ही आज्ञाधारक. पण काजळी म्हणजे नुसती मळकट धूळ नसते. वायरींवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, हवेतल्या ओलाव्यात मिसळून त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, आणि काजळीबरोबर ते घरभर बसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी स्टीलच्या चमच्यांवर तपकिरी ठिपके दिसले. सर्व्हेअर आला तोवर ते नखाला लागत होते. मी चमचा त्याच्या हातात दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि अहवालात टिपलं, ‘विमाधारकाने पुढील नुकसान टाळण्याची दक्षता घेतली नाही.’

पुसलं असतं तर पुरावा नष्ट केला म्हणाले असते, नाही पुसलं तर हलगर्जी. तसं पॉलिसीत हे कलम आहे आणि ते वाजवीच आहे, विमा आहे म्हणून माणसाने घर सडू देऊ नये. चुकीचा होता तो हेल्पलाइनचा सल्ला. आधी सगळ्याचे फोटो काढायचे, मग लगेच पुसायला लागायचं आणि नमुन्यादाखल दोन-चार वस्तू तशाच बाजूला ठेवायच्या, असं करायला हवं होतं. माझ्या सुदैवाने त्या कॉलची तारीख-वेळ फोनमध्ये सापडली. रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि त्याची प्रत द्या, असं मी लेखी कळवलंय. अजून उत्तर नाही.

पण खरा घाव पुढे आहे. मंजूर रकमेचं पत्र आलं, तर मान्य केलेल्या नुकसानीतूनही ४० टक्के छाटलेले. फोन केला तर पलीकडून शांतपणे, ‘ॲव्हरेज क्लॉज, सर.’ तुझ्याही पॉलिसीत असेल, बघून ठेव. घराची किंमत १०० आणि विमा ६० चा, तर बाकीच्या ४० ची विमा कंपनी आपण स्वतःच, असं धरतात. मग नुकसान २० चं झालं तरी हातात १२. पूर्ण घर जळलं तरच कमी विमा अंगाशी येतो असं मी समजत होतो. तसं नाही, एक खोली जळली तरी येतो.

दोन रात्री मी स्वतःला शिव्या घातल्या. तिसऱ्या रात्री अहवाल पुन्हा वाचला आणि त्या १०० वर अडलो. सर्व्हेअरने घराचा बाजारभाव धरला होता. बाजारभावात जमीन आली. आता जमीन कशी जळेल? पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय, विमा पुनर्बांधणीच्या खर्चाचा. मी एका आर्किटेक्टकडून तो खर्च काढून घेतला, तो आला ७५. म्हणजे माझा विमा ६० टक्के नव्हे, ८० टक्के होता, आणि २० च्या नुकसानीवर १६ मिळायला हवेत. उरलेला २० टक्क्यांचा खड्डा माझाच. वरची खोली बांधल्यावर दर नूतनीकरणाला जुनाच आकडा मी डोळे मिटून पुढे ढकलला. ते मी पत्रात कबूल केलं. ही म्हणाली, कशाला? मला वाटतं, आपली चूक आपण लिहिली की त्यांची चूक दाखवताना कचरावं लागत नाही.

(झोप लागत नाही म्हणून काहीबाही वाचतो. १६६६ साली लंडनला प्रचंड आग लागली, तेरा हजार घरं गेली. त्यानंतर १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन नावाच्या माणसाने घरांचा आगविमा सुरू केला. होता डॉक्टर, करायचा बांधकामं. लाकडी घराला विटांच्या घराच्या दुप्पट हप्ता लावायचा. साडेतीनशे वर्षं झाली या धंद्याला, आणि जमीन जळत नाही हे पत्र लिहून कळवावं लागतंय.)

रकमेच्या पत्रासोबत एक पावतीही होती, सहीसाठी. वर ठळक अक्षरांत ‘पूर्ण व अंतिम’. हातात पेन घेतलं होतं रे मी. भाड्याच्या घराचा खर्च, मुलांची नवी पुस्तकं, सगळं डोक्यात. हिने पेन काढून घेतलं. आता लिहून दिलंय की ही रक्कम मान्य असलेल्या भागापोटी, उरलेल्यावरचा हक्क राखून स्वीकारतो. त्यावर चारच दिवसांत उत्तर आलं, तक्रार वरिष्ठांकडे गेलीय आणि दुसरा सर्व्हेअर येणार आहे. तिथे नाही जमलं तर विमा लोकपाल.

आता तुझं काम. घरातल्या सामानाची यादी मागितली आहे, वस्तू, खरेदीचं साल आणि पुरावा. पावत्या ज्या खणात होत्या तो खण स्वयंपाकघरात होता. आम्ही दोघं रोज रात्री डोळे मिटून एकेका खोलीत शिरतो, डावीकडून उजवीकडे बोलत जातो आणि ही लिहून घेते. चाळणीपर्यंत आठवतं, पण मिक्सर कोणता होता यावर काल अर्धा तास वाद. मग लक्षात आलं, मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंत मागे घर असतं. केकच्या मागे फ्रिज, कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावणारा ओव्हन. आमचे बहुतेक फोटो जुन्या लॅपटॉपबरोबर गेले.

तू मात्र दर खेपेला कॅमेरा घेऊन यायचास आणि आम्ही वैतागायचो. मागच्या वेळी तू ओट्यापाशी उभा राहून आम्हा दोघांचा एक काढला होतास, मी डोळे मिटलेला. त्यात मागची सगळी भिंत आहे, कपाटं, ओव्हन, सगळं. तो आणि त्या दिवशीचे बाकीचेही शोध. मूळ फाइल पाठव, व्हॉट्सॲपवर नको, त्यात तारीख पुसली जाते. कापून-छाटून सुंदर करू नकोस. शुक्रवारी सर्व्हेअर येतोय, तेव्हा गुरुवारपर्यंत जमव.

वहिनींना नमस्कार. मुलांना गोड पापा.

तुझाच