ते निळे तारे नवजात नव्हेत

मा. संपादक,

रविवार पुरवणीतल्या तारकागुच्छांवरच्या लेखात गोलाकार गुच्छांतल्या निळ्या ताऱ्यांना ‘नवजात’ म्हटले आहे, ते खटकले. मी निवृत्त शिक्षिका. दर वैशाखात गच्चीवरून मुलांना स्वातीच्या पलीकडचा एम-३ हा गोलाकार गुच्छ दुर्बिणीतून दाखवते. दिसतो धुरकट ठिपका, पण त्यात लाखो म्हातारे तारे आहेत. तिथला वायू कधीच संपला. नवे तारे जन्मणार कुठून? खगोलशास्त्रज्ञ ॲलन सँडेज यांनी १९५३मध्ये याच गुच्छातले हे निळे तारे नोंदवले. जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेतल्याने किंवा दोन तारे मिळून एक झाल्याने त्यांचे वस्तुमान वाढते. मग ते अधिक तापतात, निळे दिसतात. वय मात्र जुनेच. मुले तुमची कात्रणे वहीत चिकटवतात, म्हणून कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, सातारा