म्युनिकमध्ये नव्याने आलेल्यांसाठी : रविवारची भेट आणि पहिल्या दोन आठवड्यांची कामं

नमस्कार मंडळी,

हिवाळी सत्रासाठी आलेल्या विद्यार्थ्यांना आणि नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांना भेटण्यासाठी येत्या रविवारी दुपारी ३ वाजता इंग्लिशर गार्टनमधल्या चिनी मनोऱ्यापाशी जमू या. पाऊस असला तर सकाळी ग्रुपवर कळवू.

तोवर हे वाचून ठेवा :

• आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, सगळ्यात आधी. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. पासपोर्टबरोबर घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. ते पत्र चावी घेतानाच मागून घ्या. नोंदणी कार्यालयात भेटीची वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून बुकिंग आजच करा.

• टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. टॅक्स क्रमांक टपालानेच येतो, आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. हे खरंच विसरू नका.

• रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र खरं असतं, फेकू नका. शुल्क घरटी एकच, त्यामुळे एकत्र राहणाऱ्यांनी वाटून घ्यावं.

• रविवारी दुकानं बंद. दूध-भाजी शनिवारीच आणा.

• रात्री १० नंतर शांतता पाळा. तातडीची मदत : ११२.

जुन्या सदस्यांना विनंती : जास्तीचे कुकर, पांघरुणं, थंडीचे कोट घेऊन या. आणि ज्यांना जर्मन येतं त्यांनी नोंदणीला एकेका नवख्यासोबत जायची तयारी ठेवावी. त्या खिडकीसमोर आपलं माणूस शेजारी असलं की फार धीर येतो.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा.