सोलरबद्दल रविवारी बैठक : वर्षभराची बिलं घेऊन या

लेआउटमधील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, घरगुती सोलरचा नफा-तोटा समजून घेण्यासाठी येत्या रविवारी सकाळी ९ वाजता मंदिराच्या सभामंडपात बैठक आहे. मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणा. नुसतं मे महिन्याचं नको. तेव्हा घरोघरी दोन-दोन कूलर चालतात आणि त्या आकड्यावर हिशेब मांडला की गरजेपेक्षा मोठी सिस्टीम गळ्यात पडते.

एक किलोवॅटच्या पॅनलमागे रोज सरासरी ४ युनिट वीज बनते असं धरा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. ७८,००० च्या वर अनुदान नाही, मग पाच किलोवॅट बसवा की सात. ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत आहे त्यांनी घाई करू नये, असं माझं मत.

'बिल शून्य' हे विक्रेत्याचं बोलणं झालं; स्थिर आकार भरावाच लागतो. लाइट गेली की बिनबॅटरीचं सोलर भर उन्हातही बंद पडतं, कारण सोलरची वीज लाइनमध्ये जाऊन तिथे काम करणाऱ्याला शॉक बसू नये. आणि नागपूरचं ऊन कितीही कडक असलं तरी पॅनल तापलं की वीज थोडी कमीच बनते.

माझ्याकडे चारनंतर पाण्याच्या टाकीची सावली शेवटच्या दोन पॅनलवर येते. बसवल्यावर कळलं! तुम्ही आधीच सकाळ, दुपार आणि चार वाजता गच्चीचे फोटो काढून आणा.

— सचिव