एम्बीडला ‘लोढणे’ म्हणण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधील खेळाडू जोएल एम्बीडचा अवाढव्य करार आता दुसरा कोणताही संघ स्वीकारणार नाही आणि तो त्याच्या फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स संघाच्या गळ्यातील लोढणे ठरला आहे, असे मत आपल्या क्रीडा पानावर वाचले. एनबीएचा सामना पहाटे मोबाईलवर पाहून तसेच सरावाला येणारी मुले नागपुरात कमी नाहीत, आणि आठवडाभर आमच्या कोर्टवरही याच प्रश्नावर वाद चालू आहे. गेली अनेक वर्षे मुलांना हा खेळ शिकवीत असल्यामुळे माझा मतभेद नोंदवणे मला आवश्यक वाटते.

आपल्या लेखकाची चिंता निराधार नाही. सप्टेंबर 2024 मध्ये एम्बीडने तीन वर्षांची, सुमारे 19.3 कोटी डॉलरची मुदतवाढ स्वीकारली. ती 2026-27 च्या हंगामापासून लागू होणारी होती, आणि सही झाल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात तो 82 पैकी फक्त 19 सामने खेळला. डाव्या गुडघ्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2025 मध्ये शस्त्रक्रिया झाली. ज्याने 2023 मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला आणि त्यानंतरच्या हंगामात 39 सामन्यांत सरासरी 34.7 गुण केले, त्याच्याबाबत हे लिहिताना वाईट वाटते.

परंतु ‘कोणी घेणार नाही’ हे विधान इतिहासाला धरून नाही. रसेल वेस्टब्रूकने 2017 मध्ये ओक्लाहोमा सिटीशी केलेला 20.6 कोटी डॉलरचा करार ह्यूस्टन, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस लेकर्स आणि अखेर 2023 मध्ये युटा असा चार वेळा ट्रेड झाला, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या संघाकडे गेला. यांपैकी 2020 च्या ट्रेडमध्ये त्याच्या बदल्यात गेलेला जॉन वॉलही 17.1 कोटींचा करार आणि टाचेच्या स्नायुबंधाची गंभीर दुखापत घेऊनच गेला होता. दोन्ही संघांनी आपापली अडचण दुसऱ्याला दिली, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ.

आपल्याकडे आयपीएलच्या सवयीमुळे येथे गैरसमज होतो. हार्दिक पंड्या 2023 मध्ये गुजरातकडून मुंबईकडे केवळ पैशाच्या व्यवहाराने जाऊ शकला, आणि संघाने खेळाडूला मुक्त केले की ती रक्कम लिलावासाठी परत हाती येते. एनबीएमध्ये हमीचा करार खेळाडूला सोडले तरी संघाच्या पगाराच्या हिशेबात राहतो, आणि सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेच्या) वर असलेल्या संघाला ट्रेडमध्ये साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू द्यावे लागतात. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील 2023 च्या सामूहिक करारापासून नियम आणखी कडक झाले. ‘सेकंड ॲप्रन’ या कॅपच्याही वरच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे 2025-26 मध्ये सुमारे 20.78 कोटी डॉलरच्या वर, गेलेल्या संघाला दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एका मोठ्या पगाराशी जुळवता येत नाहीत. त्याच हंगामातील एम्बीडचा पगार सुमारे 5.52 कोटी, एवढा पगार घेणारा एकच खेळाडू बदल्यात देऊ शकतील असे संघ किती? म्हणून खरा प्रश्न त्याला घेण्याची इच्छा कोणाला आहे हा नसून, नियमांनुसार ते कोणाला शक्य आहे हा आहे. त्यात वैद्यकीय तपासणी येतेच. फेब्रुवारी 2025 मध्ये लेकर्सनी मार्क विल्यम्सचा जाहीर झालेला ट्रेड तपासणीनंतर रद्द केला, आणि तो तर तुलनेने अल्प पगाराचा तरुण खेळाडू होता.

खेळाडूला सोडून देण्याचा मार्ग किती महाग पडतो, हे फिनिक्सला विचारावे. ब्रॅडली बीलचा 25.1 कोटींचा करार त्यांनी 2023 मध्ये घेतला, त्यात ट्रेड नाकारण्याचा हक्क खेळाडूकडे होता, आणि जुलै 2025 मध्ये बायआउट करून (तडजोडीची रक्कम ठरवून करार संपवून) उरलेली रक्कम पाच वर्षांवर पसरवावी लागली. आता दरवर्षी सुमारे 1.94 कोटी डॉलर संघात नसलेल्या खेळाडूच्या नावावर मोजले जातात.

माझे मत असे, की फिलाडेल्फियाने करार विकण्याची घाई करू नये. क्रिस पॉलला 2019 मध्ये ह्यूस्टनने दिले, तेव्हा 34 वर्षांच्या खेळाडूचा 16 कोटींचा करार कोणालाही नको होता आणि ह्यूस्टनला सोबत ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील, पहिल्या फेरीच्या निवडीचे हक्कही द्यावे लागले. ओक्लाहोमा सिटीने त्याला खेळवले, संघ प्लेऑफमध्ये गेला, आणि वर्षभराने त्याच कराराच्या बदल्यात त्यांनी फिनिक्सकडून पहिल्या फेरीची निवड मिळवली. पुढच्याच हंगामात फिनिक्स अंतिम फेरीत होते. एम्बीडचा गुडघा पॉलच्या वयापेक्षा मोठा धोका आहे, हे मी मान्य करतो. तरीही मोजके सामने आणि पुरेशी विश्रांती देऊन त्याने एक हंगाम नीट काढला, तर समोरच्या संघाशी बोलताना फिलाडेल्फियाच्या हातात काहीतरी असेल. आज ट्रेड केला, तर निवडी त्यांनाच द्याव्या लागतील.

‘लोढणे’ या शब्दाला मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. 2014 च्या ड्राफ्टनंतर पायाच्या दुखापतीमुळे एम्बीड पहिली दोन वर्षे एकही सामना खेळू शकला नव्हता, आणि तेव्हा संघ थांबला म्हणूनच पुढचा एम्बीड दिसला. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर गुडघा गमावून वर्षभर बाकावर बसलेली मुले मी पाहिली आहेत. तीही आपले क्रीडा पान वाचतात. या विषयावर पुन्हा लिहिताना कराराच्या रकमेशेजारी उरलेली वर्षे, खेळलेले सामने आणि झालेल्या शस्त्रक्रियाही छापाव्यात, ही विनंती.

आपला नम्र,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, नागपूर