पोस्टिंग कुठे ते आधी सांगा, मग बायका प्रमोशन घेतात की नाही ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एका जागी अडकून पडू नका, कम्फर्ट झोन सोडा, असं सांगणारे लेख हल्ली प्रत्येक पुरवणीत असतात आणि ते वाचून दर वेळी वाटतं की आपली बाजू पण एकदा लिहून पाठवावी, म्हणून आज बसले. मी कराडजवळ एका सरकारी बँकेच्या शाखेत क्लार्क आहे, 17 वर्षं झाली. घरापासून बँक स्कूटीवर 10 मिनिटं. सकाळी डबे करून, सासूबाईंची बीपीची गोळी हातात देऊन निघते, कॅश टॅली झाली की साडेपाच-सहापर्यंत घरी. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, ती 2015 पासून आहे. आजवर बदली झाली ती पण जवळच्याच शाखेत. लोक ज्याला सुखाची नोकरी म्हणतात ती हीच.

ऑफिसरच्या प्रमोशनचा फॉर्म तीनदा समोर आला आणि तिन्ही वेळा मी भरला नाही. पहिल्यांदा मुलगा दीड वर्षाचा होता, दुसऱ्यांदा सासरे गेले ते वर्ष, आणि तिसऱ्यांदा खरं सांगायचं तर नुसती भीती. अभ्यासाची नाही, जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या दोन्ही परीक्षा मी केव्हाच पास झालेय. भीती ही की फॉर्म भरताना पोस्टिंग कुठे मिळणार हे कुणीच सांगत नाही. आधी हो म्हणायचं, मग परीक्षा, मग मुलाखत, मग एक दिवस यादी येते आणि त्यात आपल्या नावापुढे नंदुरबार आहे का गडचिरोली का कर्नाटकातलं एखादं गाव हे त्या दिवशी कळतं, आणि आठ-दहा दिवसांत हजर व्हायचं. आमच्या शाखेतल्या एक मॅडम अशाच गेल्या, मुलगी आठवीत होती, त्या रात्री साडेनऊला बँकेतून रूमवर जाऊन व्हिडिओ कॉलवर तिचं गणित घ्यायच्या. हे बघितलेल्या बाईने नाही म्हटलं तर तिला महत्त्वाकांक्षा नाही असं कृपया म्हणू नका हो.

पैशाचं म्हणाल तर 2024 च्या पगार करारात क्लार्कची सुरुवात 24,050 मूळ पगारावर आहे आणि ऑफिसरची 48,480 वर, म्हणून बाहेरच्यांना वाटतं पगार डबल होतो. 17 वर्षं झालेल्या क्लार्कचं तसं नसतं, इन्क्रिमेंट लागून आमचा बेसिक आधीच वर गेलेला असतो, त्यामुळे फरक पडतो पण दुसरीकडे रूम, प्रवास, दोन चुली धरल्या तर हातात फारसं उरत नाही. आणि काम? क्लार्कची कॅश जुळली की त्याचा दिवस संपला. ऑफिसरच्या मागे स्ट्राँगरूमची किल्ली, ऑडिट, विम्याचं टार्गेट, आणि सही केलेली कर्जं. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, मग तुमची बदली कुठेही झालेली असो, विचारणा तुम्हाला होते.

एवढं सगळं माहीत असून यंदा मी फॉर्म भरलाय. का भरला ते सांगते.

फेब्रुवारीत एका बचत गटाच्या बायका आल्या होत्या, शेवयांचं मशीन घ्यायला कर्ज हवं होतं. पहिलं कर्ज त्यांनी एकही हप्ता न चुकवता फेडलेलं. गटाला 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही, सगळा भरवसा त्यांच्या कागदांवर आणि वागण्यावर, म्हणजे समोर बसलेल्या ऑफिसरला त्यांचं बोलणं कळणं किती महत्त्वाचं बघा. आमचे ऑफिसर बिहारचे, अतिशय प्रामाणिक मुलगा, रात्री आठपर्यंत बसतो, पण मराठी येत नाही आणि घरापासून दोन दिवसांच्या प्रवासावर त्याला आणून टाकलाय. तो हिंदीत काय कमी आहे ते सांगायचा, अध्यक्षबाई मान हलवायच्या, घरी जायच्या आणि परत तेच कागद घेऊन यायच्या. तिसऱ्या खेपेला मी काउंटर बंद करून फाइल बघितली. ठरावावर एका बाईचा अंगठा राहिला होता, ती बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हाचा ठराव, बास एवढंच. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आल्या, बाळ कडेवर. पॅडवर अंगठा मीच धरून टेकवला, तिच्या नखात अजून पीठ होतं, येता येता भाकरी टाकून आली असेल. अध्यक्षबाई म्हणाल्या, ताई मग आता तुम्हीच सही करून टाका की. मी म्हटलं मला सहीचा अधिकार नाही. हे वाक्य मी 17 वर्षांत शंभर वेळा बोलले असेन पण त्या दिवशी ते माझं मलाच लागलं. मला लोक कळतात, कागद कळतात, आणि सही मात्र मी स्वतःच नाही म्हणून लांब ठेवलीय.

घरी बोलले. नवरा साखर कारखान्यात, हंगामात त्याच्या शिफ्ट, मुलाची दहावी यंदा झाली. सासूबाई म्हणाल्या जा तू, फक्त आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवत जा, मला ती पाकिटं वाचता येत नाहीत.

आता ज्या कारणासाठी हे पत्र लिहितेय ते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने सगळ्या सरकारी बँकांना कळवलंय की बदल्या पारदर्शक करा, कर्मचाऱ्याला ऑनलाइन पसंतीचं ठिकाण देता येऊ दे, महिलांना शक्यतो जवळ ठेवा, आणि स्केल तीनपर्यंतच्या, म्हणजे सिनियर मॅनेजरपर्यंतच्या, अधिकाऱ्यांना त्यांच्या भाषेच्या भागात प्राधान्य द्या. ही सूचना पूर्णपणे अमलात आली तर आमचा बिहारचा मुलगा त्याच्या आईजवळ असेल आणि कराडच्या बचत गटासमोर मराठी बोलणारा माणूस बसेल, दोघांचंही भलं. पण प्रमोशनचा फॉर्म भरणाऱ्या क्लार्कला अजूनही आधी काही सांगत नाहीत. निदान रिकाम्या जागांची जिल्हावार यादी फॉर्मसोबत द्या एवढीच मागणी आहे, ती यादी बँकेकडे असतेच. माझ्या ओळखीच्या चार जणी तेवढ्यावर फॉर्म भरतील, चौघी माझ्यापेक्षा हुशार आहेत. संघटनेच्या लोकांनी हा मुद्दा लावून धरावा.

माझी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. अभ्यासाला सासूबाईंच्या खोलीत बसते, तिथे टीव्ही नाही.

आपली,
एक बँक कर्मचारी, कराड