मागच्या अंगाची खोली

प्रिय मंदे,

आठ महिने पत्र नाही, तेव्हा आधी पोटभर शिव्या घालून घे. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची साखर गोळ्यांवर. झालं.

लिहायला बसले ते चिऊपायी. परवा मेथी निवडता निवडता म्हणाली, "आई, त्या मुलाकडे हो कळव. मला प्रेमबीम काही नकोय. नीटसं घर असलं म्हणजे बास." हातातली जुडी हातातच राहिली बघ माझी! अगं, ही तर जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली शार्लट. त्या बडबड्या पाद्री कॉलिन्सला होकार देऊन येते नि मैत्रिणीला, म्हणजे नायिका एलिझाबेथला सांगते, मी रोमँटिक नाही, कधीच नव्हते, सुखाचं घर मिळालं की झालं. वयसुद्धा तेच, २७! कार्टीनं पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही.

एस.वाय.ला तू शार्लटची बाजू घेतलीस म्हणून मी चार दिवस अबोला धरला होता. (तू पाच म्हणतेस.) "डार्सीचे वर्षाला १०,००० पौंड तुझ्या एलिझाबेथला दिसत नव्हते होय गं?" वर त्या होणाऱ्या नवऱ्याचा पेम्बर्लीचा वाडा बघून आपण विरघळलो हे एलिझाबेथ स्वतःच थट्टेत कबूल करते, तेही तू पान काढून दाखवलंस. दुष्ट.

काल रात्री पुन्हा वाचायला घेतलं. लग्नानंतर शार्लट चांगली ऐसपैस खोली सोडून मागच्या अंगाला बसते. का, तर पुढे बसली तर नवराही सारखा तिथंच येऊन बसेल! शिवाय त्याला बागकामाला उत्तेजन देते, तब्येतीला बरं म्हणून. तेव्हा आपण ह्यावर खिदळलो होतो. मंदे, ह्यांना गच्चीतल्या कुंड्यांचा नाद कोणी लावला, हे तुला वेगळं सांगायला नको.

मुलगा तसा कॉलिन्स नाही हं. दोनदा पोहे घेतले, बोलला एकदाच, तेही पार्किंगबद्दल. नाव ठेवायला जागा नाही, हीच पंचाईत.

१८०२ साली खुद्द जेननं एका जमीनदाराच्या मुलाला संध्याकाळी हो म्हटलं नि सकाळी उठून नाही सांगितलं. म्हणून मी अजून फोन केलेला नाही. ते लोक उचलत नाहीत म्हणून थाप मारलीय. रोज सकाळी चहा देताना चिऊच्या तोंडाकडे बघते. ती मोबाइलमध्ये.

बंटीचा व्हिसा झाला का? वास्तुशांतीला येणं जमलं नाही, रागावू नकोस. आणि लगेच कळव, फोन करू की नको? तू शार्लटच्या पक्षातली, म्हणून तुलाच विचारतेय.

तुझी,
शालू